ऑर्गनच्या मागची जागा

"ही घ्या तुमची नात. हिला काही झालेलं नाही. बाकीच्यांचं मात्र विचारू नका."

सुट्टीतल्या बायबल शाळेच्या बाईंनी भिंगरीचा हात आजोबांच्या हातात दिला आणि दारातच उभ्या राहून त्यांनी दम खाल्ला. त्यांची वेणी सुटली होती आणि एका बाहीला खडूची पांढरी पट्टी लागली होती.

"काय झालं बाई? आत या, पाणी तरी घ्या."

"पाणी नको. तिकडे अजून तीन पोरं एकमेकांपासून सोडवायची आहेत."

"मारामारी केली हिनं?"

"मारामारी केली असती तर परवडलं असतं! प्रार्थना चालू होती. सगळी पोरं हात जोडून, डोळे मिटून ओळीत उभी. मीही डोळे मिटलेले. प्रार्थनेत मिटणारच ना माणूस? तेवढ्यात ही बया रांगेच्या मागून सरपटत गेली आणि एकाच्या बुटाची नाडी दुसऱ्याच्या नाडीला बांधत थेट शेवटापर्यंत पोचली. मी आमेन म्हटलं, आणि अख्खी रांग आडवी!"

आजोबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हसताय तुम्ही?"

"छे हो. खोकला आला."

बाईंच्या मागून भिंगरीचा धाकटा भाऊ आला. खांद्यावर दोघांची दप्तरं, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. वय सहा, पण कुठल्याही भांडणात दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, म्हणून घरात त्याला सगळे जज्जसाहेब म्हणत.

"मी पण पडलो," त्याने गंभीरपणे साक्ष दिली. "पण गाठ चांगली होती."

बाईंनी कपाळाला हात लावला. "सुट्टी संपेपर्यंत हिला पाठवू नका. मुलगी वाईट नाही हो, पण माझ्याच्यानं होत नाही."

संध्याकाळी मुलांची आई लॉंड्रीतून आली, तेव्हा ही बातमी तिच्या आधीच गल्लीत पोचली होती. ती दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभी असे. घरी आल्यावर आधी हात नळाखाली धरायचा आणि मग बोलायचं, अशी तिची सवय. त्या दिवशी तिने नळ सोडला नाही.

"बाबा, आता पुरे झालं. कामावर फोन वाजला की मला वाटतं, हिचीच तक्रार. हिचे पप्पा तिकडे जहाजावर दोनशे माणसांचा स्वयंपाक करतात, आणि इथे मला एक पोर आवरत नाही. मी हिला आत्याकडे पाठवते."

"सुट्टीपुरतं?"

"तिथे रमली तर शाळा पण तिथलीच. वन्सं कधीपासून म्हणताहेत. तिथे शिस्त आहे."

दाराआड उभी असलेली भिंगरी पुढे आली. "मम्मी, मला आत्याकडे नाही जायचं. तिथे खुर्चीवर बसायच्या आधी विचारावं लागतं. आणि जज्जसाहेब झोपताना माझा हात धरतो, तो कुणाचा धरेल?"

"नाड्या बांधताना सुचलं नाही हे?"

जज्जसाहेबांनी आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. पण निकाल काही सुचला नाही, म्हणून त्यांचा खालचा ओठ पुढे आला.

"मी सांभाळतो हिला," आजोबा म्हणाले.

"तुम्ही? बाबा, तुम्ही उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही. ही तुमच्या डोक्यावर मिऱ्या वाटेल."

"वाटू दे. डोक्यावर केस नाहीतच, मिऱ्या तरी बारीक होतील."

आजोबांच्या मुलीला हसू आलं, ते तिने दाबलं. "बरं. पुढच्या रविवारपर्यंत. तोवर एक जरी तक्रार आली ना, सोमवारच्या सकाळच्या गाडीत बसवते." मग ती भिंगरीकडे वळली. "आणि तू. प्रार्थनेत हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. हात जोडून खांबासारखं उभं राहायचं. कबूल?"

"कबूल."

"मला नको. देवाला कबूल कर."

"देवाला पण कबूल," भिंगरी म्हणाली, आणि तिने खरोखरच डोळे घट्ट मिटून घेतले.

आजोबांचं सगळं आयुष्य हवा भरण्यात गेलं होतं. सोमवार ते शनिवार टायरच्या दुकानात गाड्यांच्या चाकांत हवा, आणि रविवारी चर्चच्या ऑर्गनमध्ये. ऑर्गन जुना, लाकडी नळ्यांचा. पुढे बसून कुणी वाजवायचं तर मागे उभं राहून कुणीतरी भात्याचा दांडा वरखाली करावा लागे. मोटर बसवायची असं चर्चच्या कमिटीने आजोबांचं लग्न झालं त्या वर्षी ठरवलं होतं. अजून बैठका चालू होत्या. आजी होती तेव्हा शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांचं बरं आहे. दुकान हवेवर, देवही हवेवर, आणि घर तेवढं माझ्यावर." आता दुकान सुटलं होतं. दांडा मात्र सुटला नव्हता. उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर कमिटीची आणखी एक बैठक झाली असती.

पोरीला कशात तरी गुंतवायचं, एवढंच आता त्यांच्यापुढे काम होतं. सोमवारी त्यांनी तिला चित्रं काढायला बसवलं. तिने काढलीही, आणि ती वाळवायला म्हणून खिडकीबाहेर पडली ती शेजारच्या पत्र्यावर सापडली. मंगळवारी एक स्तोत्र पाठ करायला दिलं. ते तिने सबंध पाठ केलं, पण दाराला लोंबकळून झोके घेत घेत. शेवटच्या ओळीला दाराची वरची बिजागरी निखळली.

"आजोबा, दार आपोआप आलं हातात."

"बरं झालं. मला तुला बिजागरी बसवायला शिकवायचीच होती. पेचकस आण."

दोघांनी मिळून दार बसवलं. जज्जसाहेबांनी स्क्रू वाटीत धरून ठेवले आणि एकेक हातात दिला. मग भिंगरीने घरातली बाकीची दारंही तपासली. संडासाच्या दाराची कडी नीट करून दिली. आजोबांनी एक गोष्ट मनाशी टिपली. ही मुलगी हात चालू असले की शांत असते. हात थांबले की तिच्या अंगात वारं शिरतं. इतके दिवस सगळे तिला हात थांबवायलाच शिकवत होते.

"सगळी दारं झाली," ती म्हणाली. "आता काय?"

आता काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण बुधवारी दुपारी ऑर्गनवाल्या बाईंचा सराव असे, आणि पोरांना घरी ठेवायला कुणी नव्हतं. ते दोघांना घेऊन चर्चमध्ये गेले.

ऑर्गनच्या मागे जेमतेम माणूस उभं राहील एवढी जागा होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडाची उंच पाठ, मधे बाहेर आलेला दांडा. माणसांच्या हातांनी तो गुळगुळीत झाला होता. बाजूच्या फळीवर दोरीला बांधलेला शिशाचा एक गोळा लोंबत होता, आणि फळीवर खाली-वर दोन रेघा कोरलेल्या होत्या.

"हे काय?" भिंगरीने लगेच बोट लावलं.

"तुला काय वाटतं?"

"खेळणं."

"दांडा दाब आणि बघ."

तिने दाबला. आत कुठेतरी मोठ्या जनावराने श्वास घ्यावा तसं झालं, आणि गोळा थोडा खाली उतरला.

"अरे! मी भरतेय आणि हा खाली चाललाय?"

"आत भाता आहे. तो वर उचलला की दोरी सैल पडते, गोळा खाली येतो. खालच्या रेघेवर आला म्हणजे पोट भरलं. वरच्या रेघेकडे चढायला लागला म्हणजे?"

"भूक लागली," जज्जसाहेब म्हणाले.

"शाब्बास. आता बाई पुढे पट्ट्या दाबतील. पट्टी दाबली की वाऱ्याला एक भोक पडतं. चार दाबल्या की चार. तू भोकाच्या बादलीत पाणी ओतते आहेस असं समज. बादली भरून वाहायला नको, रिकामीही व्हायला नको."

पलीकडून लाकडावर टकटक झाली. सुरू करा, अशी ती बाईंची खूण. भिंगरीने दांडा धरला आणि पंपावर पाणी काढावं तशी जोरात हापसायला लागली. ऑर्गनचा सूर उचक्या लागल्यासारखा थरथरला.

"आज मागे रेडा बांधलाय का?" पलीकडून बाईंचा आवाज आला. म्हाताऱ्या होत्या, निम्म्या गावाला त्यांनी संगीत शिकवलं होतं आणि सगळ्या गावाला बोलून घेतलं होतं.

"नात आहे माझी," आजोबा म्हणाले.

"मग तिला सांगा, देवाला घाई नाही."

आजोबांनी भिंगरीच्या हातावर आपला हात ठेवला. "ढकलू नकोस. खाली ने, आणि मग तो स्वतः वर येईल त्याची वाट बघ. आला? आता परत ने. तू झोपलेल्या भावाच्या छातीकडे बघतेस ना, ती वरखाली होते तसा."

तिने पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा दाबला. सूर सरळ झाला. बाईंनी एक गीत वाजवलं, मग दुसरं. भिंगरीची नजर गोळ्यावर खिळली होती आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. जज्जसाहेब फळीसमोर मांडी घालून बसले होते आणि गोळा चढू लागला की कुजबुजत होते, "भूक! भूक!" बाहेर ऊन कललं तरी ती "आता काय?" म्हणाली नाही.

सराव संपल्यावर बाई चष्मा पुसत मागे आल्या. त्यांनी भिंगरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाड्या बांधणारी तीच का ही?"

भिंगरीने मान खाली घातली.

"उद्या पण ये. मला एक अवघड गीत बसवायचंय आणि तुझ्या आजोबांचा वारा हल्ली मधेच दमतो." आजोबांनी खांदा चोळता चोळता हात थांबवला. बाईंच्या लक्षात आलं होतं तर.

मग रोज दुपारी तिघं चर्चमध्ये जाऊ लागले. भिंगरी सकाळी आपणहून भांडी लावून ठेवी, म्हणजे दुपारी लवकर निघता येई. आणि रोज रात्री जेवणाआधी घरची प्रार्थना होई, तेव्हा ती खांबासारखी उभी राही. डोळे इतके घट्ट मिटलेले की नाकावर सुरकुत्या पडत. हात इतके घट्ट जोडलेले की बोटं पांढरी होत. एकदा तिच्या कानाशी डास गुणगुणला, तरी ती हलली नाही.

"बाबा, काय जादू केली तुम्ही?" मुलीने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"मी काही नाही केलं. पोर शब्दाची पक्की आहे."

"रविवार जाऊ द्या. मग बोलू."

रविवारी चर्च भरलं होतं. मुलांची आई तिसऱ्या रांगेत बसली. भिंगरी आणि जज्जसाहेब आजोबांबरोबर मागे. पहिल्या गीताला आजोबांनी स्वतः वारा भरला. दुसऱ्या गीताच्या मध्यावर खांद्यातून अशी कळ आली, की दांडा हातातून निसटायचा तेवढा राहिला. ते काही बोलायच्या आत दोन लहान हात त्यांच्या हाताखाली आले.

"मी घेते आजोबा. तुम्ही बसा."

सूर जराही हलला नाही. पलीकडे बाईंना कळलं असेल, नसेल. लोकांना नक्कीच कळलं नाही. आजोबा भिंतीशी असलेल्या पालथ्या खोक्यावर बसले. शास्त्रपाठ झाला, उपदेश झाला. आणखी एक गीत झालं, मोठं, सगळ्या नळ्या उघड्या. भिंगरीचे कपाळावरचे केस घामाने चिकटले, पण गोळा दोन रेघांच्या मधे शहाण्यासारखा राहिला.

मग पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

प्रार्थनेच्या खाली ऑर्गन हळू वाजत राही, ही तिथली पद्धत. खोक्यावर बसलेल्या आजोबांच्या मनात आलं, आज दांडा आपल्या हातात नाही. त्यांनी डोळे मिटले. पोरीला इथेच राहू दे, एवढंच त्यांना मागायचं होतं, आणि ते मनापासून मागत होते. तेवढ्यात ऑर्गन दमलेल्या बैलासारखा घोगरा झाला, खाली खाली गेला, आणि एक लांब उसासा टाकून बंद पडला.

आजोबांनी डोळे उघडले. गोळा वरच्या रेघेच्याही वर जाऊन टेकला होता. आणि दांड्याशेजारी भिंगरी खांबासारखी उभी होती. हात जोडलेले. डोळे घट्ट मिटलेले. नाकावर सुरकुत्या. तिच्या शेजारी जज्जसाहेब, तसेच.

चर्चमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. पाळक क्षणभर अडखळले आणि त्यांनी प्रार्थना पुढे चालू ठेवली. आजोबांना ओळखीची पावलं ऐकू आली. बाजूचं अरुंद दार उघडलं आणि मुलांची आई आत आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"चल बाहेर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर... देवाच्या घरात सुद्धा तुला खोड्या सुचतात?"

भिंगरीने डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं, मग गोळ्याकडे, आणि काय झालं ते तिला कळलं.

"मी खोडी नाही केली," तिचा आवाज फुटला. "मम्मी, मी हलले पण नाही. डोळे पण नाही उघडले. देवाला कबूल केलं होतं ना?"

"खरं आहे," जज्जसाहेब म्हणाले. "मी मधे एकदाच बघितलं. बंद होते."

भिंगरीला ओढायला पुढे केलेला हात आईने मागे घेतला.

"चूक तिची नाही, माझी आहे," आजोबा उठत म्हणाले. "सगळं शिकवलं तिला, आणि हेच सांगायचं राहून गेलं. इतकी वर्षं अंगवळणी पडलंय, की सांगावं लागेल असं वाटलंच नाही." ते भिंगरीसमोर वाकले. "हे बघ. बाहेर सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे राहतात. ते बरोबरच आहे. पण इथे, या जागेवर, प्रार्थनेत हात थांबवायचे नाहीत आणि डोळे मिटायचे नाहीत. कुणीतरी जागं राहायला लागतं."

"मग इथल्या माणसानं प्रार्थना कधी करायची?"

"हीच."

"हात न जोडता?"

"दांड्यावर आहेत ना हात? देवाला चालतं. मी विचारून ठेवलंय."

भिंगरीने नाक पुसलं. तिला हे तपासून बघायचं होतं असं दिसलं, पण देवाच्या बाबतीत आजोबा कधी थापा मारत नसत.

मुलगी बापाकडे बघत होती. "बाबा, लहानपणी मी एकदा त्या दाराच्या फटीतून बघितलं होतं तुम्हाला. प्रार्थना चालू होती आणि तुमचे डोळे टक्क उघडे. मला वाटलं होतं, बाबा देवासमोर पण नुसतं काम उरकतात."

"मग विचारायचं नाहीस का गं?"

"भीती वाटली. खरं निघालं असतं तर?"

पलीकडून टकटक झाली. बाईंनी ती जरा जोरातच केली. शेवटचं गीत आणि आशीर्वाद राहिला होता. आजोबांनी दांड्याकडे हात नेला, पण तो खांद्याच्या वर चढेना. मुलीने ते पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात कसा धरला होता, तेही पाहिलं.

भिंगरी जागची हलली नाही. ती आईकडे बघत होती.

पुन्हा टकटक.

"बघतेस काय?" आई म्हणाली. "भर वारा. लोक खोळंबलेत."

भिंगरीने दांडा धरला. गोळा सावकाश खाली उतरायला लागला. खाली नेला, वाट पाहिली. पुन्हा खाली नेला. जज्जसाहेबांनी फळीसमोर आपली जागा घेतली.

"बाबा, तुम्ही बाहेर जाऊन बसा," मुलगी म्हणाली. "माझी जागा रिकामी आहे, पर्स ठेवलीय तिथे. मी थांबते हिच्यापाशी."

"आणि उद्याची गाडी?"

ती भिंगरीच्या टाचांकडे बघत होती. दर वेळी दांडा वर गेला की त्या जमिनीवरून सुटत होत्या.

"वन्संना मी आज फोन करते. तुम्ही उद्या तेवढं एक लाकडी पाटासारखं काहीतरी ठोकून द्या. उंची कमी पडतेय हिची. किती दिवस अशी चवड्यांवर उभी राहणार?"

आजोबा अरुंद दारातून बाहेर आले. चर्च गात होतं. ते तिसऱ्या रांगेत गेले, पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बसले. शेजारच्या बाईंनी त्यांच्यापुढे गीताचं पुस्तक सरकवलं. त्यांनी ते उघडलं नाही. ते ऐकत होते. मागे उभं राहिल्यावर ऑर्गन म्हणजे लाकडाची कुरकुर, चामड्याची फरफर आणि भिंतीतून आल्यासारखा एक आवाज. समोरून तो असा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. एवढं सगळं आपण आत भरत होतो तर, असं त्यांच्या मनात आलं.

गीत संपलं. पाळकांनी हात वर केले. शेवटच्या प्रार्थनेसाठी सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि त्याखाली ऑर्गन हळू वाजू लागला. सुरुवातीला सूर जरासा कापला. मग सरळ झाला, आणि सरळच राहिला.

आजोबांनी हात जोडून बघितले. मग सोडले आणि गुडघ्यांवर ठेवले. उजवा हात तिथेही स्वस्थ बसेना. तो आपोआप थोडा वर येत होता, थांबत होता, खाली जात होता.

शेजारच्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचा हात कापतोय. आमेन झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"बरं आहे," आजोबा म्हणाले. "नात वाजवते आहे."

"वाजवतात तर त्या बाई."

"हो, त्या पण," आजोबा म्हणाले.